एक टोला

कुत्र्याचं नाव मुकादम का ठेवलं, हे वसाहतीत कुणाला विचारावं लागत नसे. तो रस्त्याने निघाला की पाहणाऱ्याला आपोआप कळे. पुढे मुकादम, छाती काढून, शेपटी उभारून. मधे ताणलेली दोरी. आणि दोरीच्या मागच्या टोकाला, कामावर हाकलून नेलेल्या मजुरासारखे, मारोतराव पिदूरकर. कोण कुणाला फिरायला नेतंय यावर वसाहतीच्या फाटकाजवळ, बेबीताईंच्या चहाच्या टपरीवर, रोज सकाळी विनोद होत. मारोतरावांना त्याचं काही वाटत नसे.

"मुकादम सांगते तसं चालायचं," ते म्हणत. "आपण हुकुमाचे ताबेदार."

मारोतराव चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीत वाइंडर ड्रायव्हर होते. जमिनीखाली माणसं उतरवणारा आणि वर काढणारा पिंजरा ज्या पोलादी दोरावर लटकतो, तो दोर चालवणारा हा माणूस. खाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. खालून घंटेचे टोले येतात आणि त्या टोल्यांवर तो इंजिन चालवतो. टोल्यांची मोठी भाषा होती, पण सगळ्यांच्या वरचा हुकूम एकच होता. एक टोला म्हणजे थांब. का, कशासाठी, कोणी वाजवला, हे विचारायचं नाही. हात आधी ब्रेकवर जायचा, डोकं मागून पोचायचं. अख्ख्या नोकरीत त्यांच्या पिंजऱ्यातल्या कुणाला साधं खरचटलं नव्हतं, आणि सकाळी कोणती भाजी खाल्ली हे आठवत नसलं तरी ही गोष्ट त्यांना पक्की आठवायची.

खाणी आता बंद होत्या. देशाने कोळसा जाळणं सोडलं, तशी वसाहत अर्धी रिकामी झाली. मातीच्या ढिगाऱ्यांवर सौर पॅनेल बसली, उघड्या खाणींत पाणी साचून तळी झाली, आणि मारोतरावांच्या डोक्यातलं एकेक घर तसंच रिकामं होत गेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही, असंही सांगितलं.

त्यांची मुलगी प्रणाली पशुवैद्यक होती. नागपूरच्या एका संशोधन संस्थेत प्राण्यांच्या मज्जासंस्थेवर काम करायची, आठवड्यातून दोनदा जायची, उरलेले दिवस घरून काम आणि बाबा. भाऊ हर्षल पुण्याला होता आणि तो फोनवरून काळजी करायचा.

"त्यांना वृद्धनिवासात ठेवू, ताई," तो म्हणायचा. "चांगली माणसं असतात तिथे."

"तिथे कुत्रा चालत नाही," प्रणाली म्हणायची. "आणि दार बंद असतं."

बाबांना तिने शब्द दिला होता. काहीही झालं तरी त्यांचं सकाळचं फिरणं बंद होणार नाही. सगळं विसरलेला हा माणूस उन्हं चढायच्या आत दोरी हातात घेऊन दारात उभा राहायचा, आणि त्या घटकेला तो आजारी वाटायचा नाही. तेवढं गेलं असतं तर मागे फारसं काही उरलं नसतं, हे तिला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं.

प्रश्न एकच होता. मुकादम ओढायचा.

कुत्र्याला दोरीवर नीट चालायला शिकवायची जुनी रीत तिला तोंडपाठ होती. दोरी ताणली की खांबासारखं उभं राहायचं. सैल झाली की चालायचं. कुत्रा गुडघ्याशी आला की लगेच बक्षीस. ओरडायचं नाही, हिसका द्यायचा नाही. ओढून काही मिळत नाही, जवळ राहिलं की मिळतं, एवढं त्याच्या ध्यानात आलं की झालं. बक्षीस म्हणून तिने बाबांच्या खिशात फुटाणे भरले आणि आठवडाभर दोघांच्या मागून चालली.

शिकला कुत्रा नाही, शिकले बाबा. मुकादमने ओढलं की मारोतराव थांबत, अगदी चटकन. इथवर ठीक. पण मग ते वाकून विचारत, "बोला मुकादम, कुठी?" मुकादम तोंड वळवी तिकडे निघत, आणि वर त्याला फुटाणा देत.

"बाबा, उलटं होतंय हे. तो ओढतो आणि तुम्ही त्याला खायला देता."

"हुकूम देणाऱ्याले चहापाणी करा लागते, पोरी."

प्रणाली हसली. हसू नये असं त्यात काही नव्हतं.

त्याच आठवड्यात मोठ्या रस्त्याच्या कडेला एक गोष्ट घडली. रस्त्यावरून बिनआवाजाचे विजेचे ट्रक जात. मारोतराव समोर पाहत सरळ रस्त्यात उतरायला निघाले. मुकादमने बूड टेकलं आणि मागे एकच हिसका दिला. मारोतराव जागच्या जागी थांबले. त्यांचा उजवा हात हवेत पुढे गेला, मूठ वळली आणि खाली दाबली गेली, समोर ब्रेकचा दांडा असावा तशी. ट्रक गेला. मुकादम उठला, दोघं रस्ता ओलांडून गेले. प्रणालीने आपल्या टिपणात लिहिलं : रहदारीत ओढणं वाढतं.

महिन्याभराने बेबीताईंनी तिला टपरीवर थांबवलं.

"कालचं समजलं का? तुहे बाबा ड्युटीवर निघाले होते. डबा नाई, काई नाई. 'पयली पाळी हाय,' म्हणत जुन्या खाणीकडं. तर तुह्या मुकादमानं असं ओढलं त्याईले, असा भुकला, की अख्खी वसाहत भायेर आली. आम्ही मंग घरी आणून सोडलं."

"ओढत आणलं?" प्रणालीचा चेहरा उतरला. "पडले असते ना ते."

"पडले नाई ना पण."

पण पुढच्याच पंधरवड्यात पडले. गटाराकडून डुक्कर धावलं, मुकादम त्याच्यामागे, मारोतराव दोरीमागे. मनगट मोडलं. हर्षल विमानाने आला, प्लास्टर पाहिलं, आणि या वेळी त्याने आवाज चढवला नाही, त्यामुळे प्रणाली जास्त घाबरली.

"पुढच्या वेळी खुब्याचं हाड मोडेल," तो म्हणाला. "या वयात खुबा मोडला की माणूस उठत नाही, हे तुला मी सांगायचं का? एक तर कुत्रा दे, नाहीतर फिरणं बंद कर."

फिरणं बंद झालं. मारोतराव रोज पहाटे दोरी घेऊन दारात येत, दार लावलेलं पाहत, आणि तिथेच खुर्चीवर बसत. दुपारी जेवायला उठवलं तरी दोरी हातातून सुटत नसे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी प्रणालीला विचारलं, "तुमी कोणाच्या घरच्या, बाई?" त्या रात्री तिने ठरवलं आणि दोन दिवसांनी नागपूरहून येताना पट्टा घेऊन आली.

पट्ट्याचं नाव संस्थेने 'निवांत' ठेवलं होतं. दिसायला साधा, बोटभर रुंद, आतून मऊ. त्यामागचं शास्त्र समजायला अवघड नाही. मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पोटापर्यंत एक लांब मज्जातंतू जातो, मानेतून, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून. त्याचं काम शरीराला 'शांत हो आता' असं सांगण्याचं. भीती गेली, धोका टळला, की हाच तंतू हृदयाची धडधड कमी करतो. माणसांच्या काही आजारांत त्याला विजेचे हलके स्पंद देण्याचा उपचार जुनाच होता. प्रणालीच्या गटाने तो कुत्र्याच्या गळ्यापर्यंत आणला, कातडीवरून, सुई न टोचता.

खरी करामत पुढे होती. कुत्रा दोरी ओढतो त्याच्या निमिषभर आधी त्याच्या शरीरात तयारी होते. नाडी उडी घेते, मानेचे स्नायू ताणले जातात, श्वास अडतो. पट्टा ही तयारी ओळखायला शिकत असे, प्रत्येक कुत्र्याची वेगळी. ओळख पटली की स्पंद जाई. दुखणं नाही, दचकणं नाही. ओढावंसं वाटायच्या आतच ते वाटणं विरून जाई आणि कुत्रा गुडघ्याशी चालत राही. काही महिन्यांत मज्जासंस्था ही वाट स्वतःच धरी आणि मग पट्टा काढला तरी चाले. जन्मभर गळ्यात यंत्र नको, याचा प्रणालीला सगळ्यांत जास्त अभिमान होता. गळ्यात बोचणारे काटे आणि विजेचे झटके देणारे जुने पट्टे तिने पाहिले होते. हे त्यांच्यापुढे वरदान होतं, आणि ती खोटं बोलत नव्हती.

चाचण्या वर्षभर चालल्या होत्या. शेकडो कुत्री, शिकलेसवरलेले फिरवणारे, ठरलेला रस्ता. फिरवणाऱ्याला कुठे जायचं ते माहीत होतं, रस्ता कुठे ओलांडायचा ते माहीत होतं. त्यामुळे कुत्र्याने दिलेला प्रत्येक हिसका चुकीचा होता आणि चुकीचा म्हणूनच नोंदला गेला. दोरीच्या माणसाच्या टोकाला चूक असू शकते, हे त्या हुशार गटात कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण ते टोक त्यांच्याच हातात होतं.

मुकादमच्या गळ्यात पट्टा चढला. आठवडाभरात वसाहतीने तोंडात बोट घातलं. डुक्कर समोरून गेलं, मुकादमने पाहिलं, आणि चालत राहिला. दोरी मधे ओघळलेली, पाळण्याच्या दोरीसारखी. प्रणाली पहिले काही दिवस मागून चालली, मग फाटकापर्यंत, मग घरीच थांबू लागली. फोनवर एक ठिपका असे. कुत्रा शांत असला की हिरवा, अस्वस्थ झाला की लाल, आणि लाल झाला तर फोन वाजे. कुठे आहेत हेही पाहता येई, विचारलं तर. हिरव्या ठिपक्यावर कोण विचारतं?

बाबांचा चेहरा भरला. ते पुन्हा तिला नावाने हाक मारू लागले. हर्षलने फोनवर कबूल केलं, "तू जिंकलीस, ताई." तक्रार एकट्या मारोतरावांची होती.

"हा बोलत नाई आता," एका सकाळी ते म्हणाले.

"कोण?"

"मुकादम." त्यांनी दोरीचं टोक तिच्या हातात दिलं. "धरून पाह्य. काई येते का? पयले दोरी धरली की समजे, हा इकडं पाहून राहिला, त्याले तिकडं वास आला. आता दोरीत कोणीच नाई."

"तो शहाणा झालाय, बाबा."

"रिटायर केलं तुमी त्याले," ते म्हणाले आणि दोरी परत घेतली.

आजारात माणूस असं काहीबाही बोलतो. प्रणालीने विषय बदलला, त्यांच्या खिशात फुटाणे भरले. याचा पुढे तिला जो त्रास झाला तो सांगून संपण्यासारखा नाही.

वैशाखातली एक सकाळ. संस्थेत 'निवांत' बाजारात आणायची बैठक होती म्हणून प्रणाली पहाटेच्या गाडीने नागपूरला गेली. कामवाली बाई आठला यायची होती, त्याआधी बाबा फिरून परत येत, हे आता ठरून गेलं होतं. बैठकीत तिने फोन टेबलावर समोरच ठेवला. ठिपका हिरवा होता. चहा झाला, हिरवा. कामवालीचा फोन आला की आजोबा आले नाहीत, तेव्हाही तिने आधी ठिपका पाहिला आणि म्हणाली, "येतील, कुत्रा शांत आहे." मग तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. तिने जागा विचारली. नकाशावर हिरवा ठिपका बाबांच्या खाणीच्या वाटेवर, जुन्या उघड्या खाणीच्या तळ्याकाठी होता आणि हलत नव्हता.

मासे धरणाऱ्यांनी त्यांना दुपारी बाहेर काढलं. काठाची माती सुटी होती, खाली सरळ उतार, मग एकदम खोल पाणी. मुकादम काठावर बसलेला सापडला. दोरी त्याच्या गळ्यापासून उतारावरून खाली पाण्यापर्यंत गेली होती आणि तिच्या टोकाला कुणी नव्हतं. अंगाची लाही होईल अशा उन्हात तो सकाळपासून तिथे होता, आणि प्रणालीने सवयीने त्याच्या मांडीत बोटं घालून नाडी पाहिली तर ती संथ होती.

दहाव्याला बेबीताई आल्या.

"मी पायलं होतं त्याईले," त्या म्हणाल्या. "माह्या समोरून गेले. 'पयली पाळी हाय, बेबी,' म्हणाले. मी मनात म्हटलं, जातीन आणि येतीन. कुत्रा असा शिस्तीत चालून राहिला होता, दोरी ढिली. एकदा फाटकाजवळ थांबल्यावानी झाला तो. पाय उचलला, कान उभे केले. मले वाटलं, आता ओढते. नाई ओढलं. चालू लागला परत. मी गिऱ्हाइकाले म्हटलं, पाह्य, किती शहाणा झाला." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तो भुकला असता तर मी उठली असती वो. एवढीशी तर गोष्ट."

हर्षलला यातलं काही कळलं नाही. त्याने बहिणीला दोष दिला नाही, उलट धीर दिला. "कुत्रा काय करणार होता?" तो म्हणाला. काय करणार होता, हे प्रणालीने त्याला सांगायचा प्रयत्न केला. एक हिसका. बाबांना मधे मुलीचं नाव विसरायला झालं होतं, घर विसरायला झालं होतं, पण एक टोला ते विसरले नव्हते. तो हाताला आठवत होता. काठावर दोरीला एक हिसका बसला असता तर तो हात ब्रेकवर गेला असता आणि पाय थांबले असते. दर वेळी थांबले होते. तिच्याच टिपणात लिहिलेलं होतं ते, ओढणं म्हणून.

महिन्याभराने ती संस्थेत गेली. प्रमुख डॉ. हेडाऊ वयस्क बाई होत्या, कठोर नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पट्ट्यात दोष नव्हता, प्रणाली."

"नव्हता," ती म्हणाली. "तो अगदी बरोबर चालला. मला त्यातून काही हिसके वगळायचे आहेत. धोक्याच्या वेळचे."

"कोणते? डुकरामागे धावतानाची नाडी आणि काठावरची नाडी यांत फरक सापडतो का?"

प्रणालीने महिनाभर तेच शोधलं होतं. "नाही सापडत. शरीरात दोन्ही सारखेच दिसतात. अर्थ वेगळा असतो, आणि तो आपल्याला मोजता येत नाही."

"मग?" डॉ. हेडाऊंनी चष्मा काढला. "गेल्या वर्षी ओढणाऱ्या कुत्र्यांमुळे पडून किती म्हातारी माणसं गेली, तुला ठाऊक आहे. ती वाचतील. तुझ्या बाबांसारखं एखादं..."

त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. प्रणाली राजीनामा देऊन आली, त्याने कुणाचं काही अडलं नाही. दिवाळीपर्यंत वसाहतीतल्या जवळजवळ सगळ्या कुत्र्यांच्या गळ्यात 'निवांत' होता. सकाळी रस्त्यावरून लोक आपापली कुत्री घेऊन जात, फोनमध्ये पाहत. भुंकणं असं फारसं राहिलंच नाही. नवीन राहायला आलेले लोक म्हणत, किती छान शांतता आहे इथे.

मुकादमचा पट्टा तिने बाबा गेले त्याच दिवशी काढून टाकला होता. पट्टा काढल्यावरही तो गुडघ्याशीच चाले. तिने त्याला डुकरं दाखवली, मांजरं दाखवली. दाराची घंटा वाजवून पाहिली, बाबांचा सदरा हुंगायला दिला. तो हुंगे, शेपटी हलवी, खाली बसे. जेवत होता, झोपत होता, नाडी उत्तम. वाट कायमची पडावी म्हणून तिनेच तर एवढी मेहनत घेतली होती.

थंडीच्या एका सकाळी तिने बाबांची जुनी दोरी काढली, सदऱ्याच्या खिशातले उरलेले फुटाणे आपल्या खिशात टाकले आणि मुकादमला घेऊन निघाली. फाटकाजवळ बेबीताईंनी विचारलं, "कुठी?" तिने नुसता हात दाखवला. मोठ्या रस्त्याशी ती मुद्दाम न पाहता उतरली. ट्रक जवळून गेला, वारा लागला. दोरी सैल होती. मुकादम सोबत उतरला होता.

तळ्याभोवतीचं कुंपण तुटलेलं होतं ते तसंच होतं. ती आत गेली. माती भुसभुशीत लागू लागली तशी तिने चाल कमी केली नाही. पायाखालून खडे सुटून खाली जात होते, ते पाण्यात पडल्याचं ऐकू येत होतं. ती सगळी दोरी धरलेल्या हातात गोळा होऊन चालत होती. एक हिसका, कितीही हलका. तेवढा आला असता तर ती तिथेच बसून रडली असती आणि मग घरी गेली असती. मुकादमचे कान एकदा उभे झाले. क्षणभर त्याचा एक पाय अधांतरी राहिला. मग त्याने तो तिच्या पावलाशेजारी टेकला.

थांबावं लागलं ते तिलाच, स्वतःहून, काठाच्या एक पाऊल अलीकडे.

"बोला मुकादम," ती म्हणाली. "बोल ना रे. कुठी?"

ती थांबलेली पाहून मुकादम तिच्या गुडघ्याशी नीट बसला, शिकवल्याप्रमाणे. मान वर करून त्याने आधी तिच्या तोंडाकडे आणि मग तिच्या खिशाकडे पाहिलं. त्याचं काही चुकलं नव्हतं. तिने खिशात हात घातला, एक फुटाणा काढला आणि त्याला दिला.